पडद्यामागचा ॲम्प्लिफायर

काचेच्या पलीकडे आप्पा आरवाडे कानांवर हेडफोन चढवून ताठ बसले होते आणि त्यांच्या हातातलं बटण काही दाबलं जात नव्हतं.

मी आवाज वाढवला. पुन्हा वाढवला. आमच्या त्या बंद खोलीत एवढंच काम असतं, ऐकू आलं की बटण दाबायचं. शाळेतली पोरंसुद्धा ते खेळ समजून करतात. सुरुवातीचे जाड, घुमणारे स्वर आप्पांनी झटक्यात पकडले होते. इतक्या हळू वाजवलेले, की मलाच नवल वाटलं. पण स्वर बारीक होत गेला तसा त्यांचा अंगठा थबकला. मग एकदम त्यांनी बटण दाबलं. मी तेव्हा काहीच वाजवलं नव्हतं.

जरा वेळानं पुन्हा दाबलं. तेव्हाही नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं, की त्यांची नजर काचेतून माझ्या हातावर आहे. माझं बोट हललं की ते दाबत होते. मी समोरची फाईल उभी धरून हात झाकला. त्यानंतर बटण दाबलं गेलं नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी कॉलर सारखी केली, खुर्चीत बसले आणि कुणाच्या तरी बदलीचा हुकूम ऐकायचा असावा तसं म्हणाले, "बोला."

"खालचे स्वर चांगले आहेत, आप्पा. वरचे बहुतेक सगळे गेलेत. सूतगिरणीत किती वर्षं होता तुम्ही?"

"सगळी."

"कानात बोळे घालायचात?"

"मेंटेनन्सचा माणूस बोळे घालून मशीन कसं ऐकणार ओ? बेअरिंग बिघडलंय का नाही, ते कानानंच कळायचं की."

माझ्यासमोरच्या कागदावरची रेघ डावीकडून सरळ निघून मध्यावर जी घसरली होती, ती पार तळाला गेली होती. मी बोललेलं त्यांना कळत होतं, कारण ते माझे ओठ बघत होते. पण गाण्यातलं त्यांच्या वाट्याला काय येत असेल? तबल्याचा डग्गा, तंबोऱ्याचा खर्ज. शब्द, तारांची चमक, गायकाच्या आवाजातली धार, यातलं काही नाही.

"गाणं कसं ऐकता मग?"

"गाणं पाठ आहे मला." ते कागदाकडे न बघता म्हणाले, "रविवारपर्यंत काही होतंय का, तेवढं सांगा."

रविवारी काय आहे ते मला चांगलं माहीत होतं. आमच्या घरात त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता.

माझा नवरा मकरंद दिवसा बँकेत असतो आणि उरलेला वेळ आमच्या जन्माआधीच्या सालात. लग्न झालं तेव्हा माझ्या सासूबाईंनी मला बजावलं होतं, की स्वयंपाकघरातल्या फडताळात हात घालताना जपून, डब्यांमागं वाल्व्ह असतात. हे वाल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायचे ते काचेचे दिवे. त्यांतून निघणाऱ्या आवाजाला एक ऊब असते, असं हे लोक म्हणतात. हे लोक म्हणजे मिरजेतलं श्रवण मंडळ. एका बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या माडीवर दर रविवारी सकाळी ते जमायचे. डॉक्टर होते, वकील होते, इंजिनिअर होते, आणि सगळ्यांच्या घरी नवं कोरं सामान असूनही सगळे जुन्या रेकॉर्ड-प्लेअरांच्या आणि पेटीएवढ्या स्पीकरांच्या मागं लागलेले. तिथले नियम कडक. चपला खाली. रेकॉर्ड लागायच्या आधी पंखा बंद. बाजू संपेपर्यंत कुणी खोकायचं नाही.

आणि मधली खुर्ची आप्पांची. दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर मांडलेली. कुणी नवी सुई आणो की कुठल्या तरी बंद थिएटरातला स्पीकर उचलून आणो, आधी आप्पांकडे बघायचं. आप्पांनी मान हलवली तर त्या माणसाचा आठवडा आनंदात जायचा. आप्पांनी हनुवटी खाजवली, तर ती वस्तू पुढच्या महिन्यात विकायला निघायची. अशी त्या कानांची ख्याती होती, जे कान मी आत्ताच तपासले होते.

मागच्या रविवारी त्या माडीवर अभय मगदूम आला होता. ग्रॅनाइटच्या शोरूमचा मालक, हौशी, बोलायला फटकळ, पण मनानं वाईट नाही. त्याची सगळी यंत्रं नवी, फोनवर बोट फिरवलं की वाजणारी. आप्पांचा ॲम्प्लिफायर ऐकून सगळे माना डोलावत असताना तो म्हणाला, "आप्पा, राग मानू नका, पण तुम्ही लोक डोळ्यांनी ऐकताय. तो काचेतला तांबूस उजेड दिसला की तुम्हाला आवाज गोड लागतोय. मधे पडदा टाका आणि ओळखून दाखवा."

आप्पांनी तो ॲम्प्लिफायर तरुणपणी गिरणीच्या क्वार्टरमध्ये स्वतःच्या हातानं जुळवला होता. ते उठून उभे राहिले म्हणे. "ओळखला नाही तर ॲम्प्लिफायर तुझा. आणि मी या माडीवर परत पाय ठेवणार नाही."

"ओळखलात तर माझं सगळं विकून मी वाल्व्ह घेतो," मगदूम म्हणाला.

मकरंद हे मला मिटक्या मारत सांगत होता. आप्पा हरतील असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. मलाही नव्हतं, मंगळवारपर्यंत.

"रविवारपर्यंत एकच गोष्ट होऊ शकते," मी आप्पांना म्हणाले, "श्रवणयंत्र. त्यानं फरक पडेल, पण सवय व्हायला वेळ लागतो."

"कानात मशीन घालून त्या खुर्चीत बसू? मग ओळखणार कोण? मी का मशीन?"

"मग जाऊ नका. तब्येतीचं कारण सांगा."

"शब्द दिलाय."

"अहो, पण ओळखणार कसं? तुम्हाला दोन्ही सारखेच ऐकू येणार आहेत!" माझा आवाज चढला. मला त्यांचा रागच आला होता. पत्नी गेल्यापासून हा माणूस घरात एकटा होता. मुलगी लांब, शेजारी कुलूपबंद. आठवड्यातून एकदा त्या खुर्चीत जाऊन बसणं सोडलं तर त्यांना कुठं जायलाच नव्हतं, आणि तीच त्यांनी तिरीमिरीत पणाला लावली होती.

आप्पांनी माझ्या ओठांवरची नजर काढली. "यंत्र ओळखायला गाणं लागत नाही, सूनबाई. ते माझं मी बघतो. तुम्ही हे कुणाला बोलायचं नाही. मकरंदलासुद्धा."

"इथलं इथंच राहतं, आप्पा."

मी शब्द दिला खरा, पण घरी गेले तर जेवणाच्या टेबलावर तोच ॲम्प्लिफायर पालथा पडलेला. रविवारी माडीवर न्यायचा म्हणून आप्पांनी तो सोमवारीच मकरंदच्या हवाली केला होता आणि बजावलं होतं, की फक्त धूळ पूस, आत हात घालायचा नाही. मकरंदनं हात घातला होता. नुसता घातला नव्हता, आतला ट्रान्सफॉर्मर, म्हणजे भिंतीतली वीज आत घेऊन वाल्व्हना हवी तशी करून देतो तो लोखंडी जड ठोकळा, काढून टेबलाच्या कडेला ठेवला होता.

"आप्पांनी नको म्हटलं होतं ना?"

"अगं, ऐक तर. आप्पांचा ॲम्प्लिफायर घुमतो. बारीकशी घूं येते, गाणं सुरू नसताना. मंडळात कुणी त्यावर बोलत नाही, आप्पांचं म्हणून. पण मगदूम त्यावरच बोट ठेवणार बघ. आज मी खोलून बघितलं. तारेचं वाइंडिंग हातानं केलंय आणि दोन्ही बाजूंचे वेढे सारखे नाहीत. एका बाजूला चांगलेच कमी आहेत, म्हणून घुमतं. नवशिक्याची चूक! आप्पांसारख्या माणसाकडून कशी झाली, देव जाणे."

"मग?"

"सांगलीत वाइंडर आहे एक. तार बदलून नीट गुंडाळून देतो म्हणालाय. रविवारी आप्पा बसतील आणि त्यांचं यंत्र जन्मात वाजलं नसेल असं वाजेल. त्यांना आधी सांगायचं नाही. बघच तू त्यांचा चेहरा."

त्याच्या डोळ्यांत नुसतं प्रेम होतं. तरी मी म्हणाले, "त्यांना विचारून कर. निदान सांग तरी."

"तुला एवढं का लागलंय त्याचं?"

याचं उत्तर दवाखान्यात माझ्या टेबलाच्या खणात बंद होतं. मी भांडी आवरायला घेतली.

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं मला हाताला धरून दिवाणखान्यात नेलं. ॲम्प्लिफायर जोडलेला, वाल्व्ह पेटलेले. "ऐक," तो म्हणाला.

"काय ऐकू? काहीच तर येत नाही."

"तेच ऐक! काही म्हणजे काही येत नाही!" आणि तो एकटाच टाळ्या पिटत हसला.

रविवारी उन्हानं नऊ वाजताच माडी तापली होती. मगदूमनं शोरूममधला जाड पडदा आणून आढ्याच्या वाशाला बांधला होता. त्यामागं टेबलावर दोन्ही ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड-प्लेअर, आणि मधे एक खटका. खटका डावीकडे फिरवला की एक यंत्र स्पीकरला लागणार, उजवीकडे फिरवला की दुसरं. रेकॉर्ड तीच, स्पीकर तेच, आवाजही मीटर लावून सारखा केलेला. आता खटका फिरवायला कुणीतरी तटस्थ हवं होतं.

"वहिनी आहेत की," मगदूम म्हणाला. "मंडळाच्या बाहेरच्या, आणि कानांच्या जाणकार. यांच्याइतका सरळ पंच कुठं मिळणार?"

मी नको नको म्हटलं. मकरंदनं मला डोळ्यांनी दटावलं. तेवढ्यात आप्पा जिना चढताना दिसले, तशी मी आधार द्यायच्या निमित्तानं खाली धावले. पांढराशुभ्र सदरा, इस्त्रीची घडी मोडलेली नाही.

"आप्पा, अजून वेळ गेली नाही," मी हळूच म्हणाले. पण माझं तोंड त्यांच्याकडे नव्हतं.

"पायरी जपून," ते म्हणाले आणि वर गेले.

पडद्यामागं मी एकटीच. पडद्याच्या दोन भागांच्या जोडाला एक फट होती, तिच्यातून मधली खुर्ची नेमकी दिसत होती. त्यांना मात्र मी दिसत नव्हते. आज माझ्या हाताकडे बघून काही मिळणार नव्हतं. मी नाणं उडवून क्रम ठरवला. आधी मगदूमचं यंत्र, मग आप्पांचं.

पंखा बंद झाला. चपलांचे, खुर्च्यांचे आवाज विरले. खालून एक रिक्षा गेली, मग तीही नाही.

मी सुई टेकवली. तोडी रागाची जुनी रेकॉर्ड होती, त्या मंडळात सगळ्यांना तोंडपाठ असलेली. आप्पांनी डोळे मिटले. त्यांचा हात मांडीवर पडत होता, अगदी बरोबर, समेला सम. मगदूम हातांची घडी घालून भिंतीला टेकलेला. मकरंदच्या तोंडावर तर बारशाचं जेवण जेवून आल्यासारखी तृप्ती होती. पण फटीतून मी नीट बघत होते, आणि मला दिसलं, की आप्पांचा हात समेवर रेकॉर्डच्या जरासा आधी पडतोय. ते त्यांचं पाठ असलेलं गाणं म्हणत होते. रेकॉर्ड आपली मागून येत होती.

मी खटका फिरवला. आता त्यांचा स्वतःचा ॲम्प्लिफायर. चेहऱ्यावर काही बदललं नाही.

"बोला, आप्पा," मगदूम म्हणाला.

आप्पांनी डोळे उघडले नाहीत. त्याला वाटलं ते विचार करताहेत. तो पुढं होऊन खुर्चीसमोर उभा राहिला, तेव्हा आप्पांनी पापण्या उचलल्या. "परत लाव."

परत लावलं. मनात आलं, आपण खोकलो तर? त्यांच्या यंत्राच्या वेळी एकदाच, मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असं जाडजूड. कुणाला काय कळणार आहे? मगदूमचं काय जाणार आहे? मी खरंच घसा साफ करायला लागले होते, तेवढ्यात आप्पांनी हात वर केला.

"रेकॉर्ड नको. सुई उचला."

"आँ?" मगदूम म्हणाला.

"सुई उचला आणि यंत्रं नुसती चालू ठेवा. मग खटका फिरवा."

"गाण्याशिवाय? अहो, मग ऐकणार काय?"

"ते माझं मी बघतो."

हेच वाक्य मी दवाखान्यात ऐकलं होतं. मी सुई उचलली. खटका त्यांच्याच यंत्रावर होता, आणि स्पीकरमधून काही म्हणजे काही येत नव्हतं.

आणि मला कळलं. जाड, घुमणारे स्वर, तेवढे त्यांनी झटक्यात पकडले होते. या माणसाला गाण्यातलं फारसं काही ऐकू येत नव्हतं, पण त्या यंत्राची घूं ऐकू येत होती. त्या घूंच्या जिवावर ते इथं येऊन बसले होते, आणि ती घूं माझ्या नवऱ्यानं प्रेमानं पुसून टाकली होती.

आप्पा पुढं झुकले. चारचौघांत कधी केलं नसेल ते त्यांनी केलं, तळहात कानामागं धरला. "दुसरा," ते म्हणाले. मी फिरवला. "पहिला." फिरवला. "दुसरा." त्या तापलेल्या माडीवर पंधरा-वीस शिकलेली माणसं श्वास रोखून शांतता ऐकत होती. सगळ्यांना वाटत होतं, म्हातारा काहीतरी खोल ऐकतोय. मला फटीतून दिसत होतं, की तो शोधतोय. काळोखात भिंतीवर बटण चाचपडावं, तसा.

शेवटी त्यांनी हात खाली घेतला.

"माझा यातला एकही नाही."

कुणीतरी हसलं. मगदूम हसला नाही, पण गोंधळला. "दोनच तर आहेत ओ. एक माझा आणि एक तुमचा."

"माझा नाही."

मगदूमनं पडदा सरकवला. टेबलावर आप्पांचा ॲम्प्लिफायर होता, वाल्व्ह पेटलेले, तांबूस. "मग हा कुणाचा, आप्पा?"

मागून कुजबुज झाली, वय झालंय, असू दे. आप्पांना ती ऐकू आली नसावी. ते यंत्राकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरत चाललं होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. फक्त माझ्याकडे.

"म्हणजे तेही गेलं का?" त्यांनी विचारलं.

बाकी कुणालाच तो प्रश्न कळला नाही. मला कळला, आणि रडूच आलं. आपले उरलेले कानही गेले असं त्यांना वाटलं होतं. मी टेबलामागून बाहेर आले आणि त्यांना ओठ दिसतील अशी समोर उभी राहिले. "नाही, आप्पा. काही गेलेलं नाही. मकरंद, सांग त्यांना."

"काय सांगू?" मकरंद म्हणाला.

"आत काय केलंस ते सांग."

सगळे त्याच्याकडे वळले. तो उभा राहिला. "आप्पा, मी... ट्रान्सफॉर्मर नवा करून घेतला. घूं यायची ना, ती घालवली. म्हटलं, तुम्हाला आनंद होईल."

मग माडी दणाणली. "काय कान आहेत!" "अहो, आतली तार बदललेली ओळखली!" "शांततेवरून ओळखली राव!" कुणी पंखा लावला, कुणी शिट्टी वाजवली. मगदूम पुढं आला आणि आप्पांच्या पायांना हात लावून म्हणाला, "हरलो. वाल्व्ह घेतो मी. तुमच्या कानांपुढं माझी मीटरं झक मारतात."

आप्पांना त्यातलं किती ऐकू आलं कोण जाणे. त्यांनी मगदूमचा खांदा धरून त्याला बाजूला सारलं आणि मकरंदसमोर गेले.

"जुनी तार कुठाय?"

"ती... वाइंडरकडेच असते, आप्पा. छिन्नीनं तोडून काढतात. भंगारात जाते."

"तोडली?"

"हो."

आप्पा परत खुर्चीत बसले. लोक अजून त्यांचे कान वाखाणत होते. त्यांनी हात वर केला, तेव्हा हळूहळू गलका थांबला.

"कान गेलेत माझे," ते म्हणाले. "मंगळवारी तपासून घेतलेत. या बाईंना विचारा. मला गाणं ऐकू येत नाही. लई दिवस झाले येत नाही. तुम्ही नवी सुई आणायचा, मी तुमच्या तोंडाकडे बघून मान हलवायचो."

आप्पांनी टेबलावरच्या यंत्राकडे हात केला.

"नवीन लग्न झालेलं तेव्हा हे यंत्र करायला घेतलं. ट्रान्सफॉर्मर घरीच गुंडाळला. मी दांडा फिरवायचो आणि आमची रत्नप्रभा वेढे मोजायची, मोठ्यानं. एक बाजू झाली. दुसरी निम्म्याच्या वर गेली आणि दूध उतू चाललं. ती उठून पळाली. परत आली तर आकडा विसरली. मी म्हटलं, आता सगळं उलगडायला पाहिजे. ती म्हणाली, राहू द्या ओ, अंदाजानं करा. केलं. तेव्हापासून ते घुमतंय. यंत्र लावलं की ती आतून म्हणायची, लागलं बघा माझं दूध बोलायला." आप्पांनी मकरंदकडे बघितलं. "मी गाणं ऐकायला लावत नव्हतो रे. गाणं सुरू व्हायच्या आधी जेवढं ऐकू येतंय, तेवढ्यासाठी लावत होतो."

ते उठले. मगदूमकडे बघून म्हणाले, "घेऊन जा ते. ओळखलं नाही तर तुझं, असं बोललो होतो. माझं नाही ते आता." आणि जिना उतरून गेले. त्यांच्यामागं जायचं धाडस कुणालाच झालं नाही.

मगदूमनं यंत्राला हातही लावला नाही. मकरंद त्याच पावली स्कूटर काढून सांगलीला गेला. वाइंडरकडचं भंगार कालच उचललं होतं. तो परत आला तो सरळ आंघोळीला गेला आणि कितीतरी वेळ बाहेर आलाच नाही. ॲम्प्लिफायर आमच्या कपाटावर चढला, त्यावर चादर पडली. सोल्डरिंगच्या सामानाला मकरंदनं हात लावला नाही. मी त्याला रागवायचं ठरवलं होतं, पण त्याच्याकडे बघून धीर होईना.

जूनमध्ये आप्पा दवाखान्यात आले. "द्या ते मशीन," म्हणाले. "आता लपवायचं काय राहिलंय?" मी यंत्र बसवून दिलं. पहिले काही दिवस त्यांना कागदाची फडफड आणि भांड्यांचा खणखणाट नको नको झाला, मग सवय झाली.

आणि एका सुट्टीच्या सकाळी ते आमच्या दारात उभे. कानात यंत्र, एका हातात तारेची नवी रिळं, काखेत हातानं फिरवायचं जुनं वाइंडिंग मशीन.

मकरंद त्यांच्या पायांवर वाकला, तर म्हणाले, "ते नंतर. ट्रान्सफॉर्मर काढ. परत गुंडाळायचाय."

मकरंदचे डोळे चमकले. लगेच कागद-पेन्सिल घेऊन बसला. "एका बाजूला वेढे कमी होते ना, आप्पा? किती कमी ठेवायचे? मी तेव्हा मोजायला हवे होते. हिशेबानं काढता येईल का बघू या."

"कागद ठेव तो. ते तिलाच माहीत नव्हतं, तुला काय माहीत होणार?" आप्पांनी मशीन टेबलाला आवळलं आणि माझ्याकडे वळले. "सूनबाई, तुम्ही मोजा. मोठ्यानं."

मकरंद तार ताणून धरून होता, आप्पा दांडा फिरवत होते आणि मी मोजत होते. पहिली बाजू झाली. मधे कागद घातला आणि दुसरी सुरू केली. एका लयीत सगळं चाललं होतं. माझा घसा सुकत आला, पण चुकायची भीती मनात इतकी, की पाणी मागायची सोय नव्हती. एकदा हातून गेलेली गोष्ट या वेळी बिघडता कामा नये, एवढंच डोक्यात होतं. निम्म्याच्या वर गेलो असू.

"सूनबाई! दूध उतू चाललंय!"

मी ताडकन उठून स्वयंपाकघरात पळाले. गॅस बंद होता. ओट्यावर काहीच नव्हतं. दुधाचं पातेलं फ्रीजमध्ये गार पडलं होतं.

मी परत आले. मकरंद तार धरून तसाच बसला होता, तोंड उघडं. आप्पांनी दांडा थांबवला होता आणि ते माझ्याकडे बघत होते.

"किती झाले होते?" त्यांनी विचारलं.

मी आकडा आठवून बघितला. "विसरले."

तेव्हा आप्पा हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि दांडा पुन्हा हातात घेतला.

"राहू द्या मग. अंदाजानं करू."

दुपार कलल्यावर ठोकळा परत आत बसला, सोल्डरिंगचे टाके दिले, वाल्व्ह लागले. मकरंदनं बटण दाबलं आणि स्पीकरमधून हलकेच घूं आली. आप्पांनी कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं आणि डोळे मिटले. मकरंद रेकॉर्ड काढायला उठला होता, तो पुन्हा खाली बसला. आम्ही तिघंही बसून राहिलो. गाणं लावायची कुणालाच घाई नव्हती.